मूर्तीच्या चेहऱ्यासाठी एअरब्रश: ०.२ घ्यावा की ०.३, आणि पैसे नेमके कुठे घालावेत

प्रश्न थोडक्यात असा: पेणजवळच्या एका गणपती कारखान्यात प्रश्नकर्ते शेडिंग करतात. आजवर स्वस्तातली एअरब्रश गन, म्हणजे दाबलेल्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणारी गन, वापरली. तिची रेष जाड येते, मध्येच थुंकते, आणि चेहऱ्यावर शेड दाणेदार पडते. आता डोळ्यांच्या कडा, पापण्यांची सावली, सोंडेच्या वळ्या, दागिन्यांखालची छटा असं बारीक काम नीट जमेल अशी चांगली गन घ्यायची आहे. कंप्रेसर धरून बजेट पंचवीस हजार. ‘०.२ मिमीची घेऊ की ०.३ ची, आणि कुठल्या कंपनीची?’

आधी कंपनी बाजूला ठेवू. तुमच्या तीन तक्रारींपैकी भोकाच्या मापाशी थेट संबंध असलेली फार तर एक आहे. थुंकणं आणि दाणे पडणं हे बहुतेक वेळा हवा आणि रंगाचं दुखणं असतं. हवेत पाणी असेल, रंग भरड असेल, तर पन्नास हजारांची गनही थुंकेल. त्यामुळे ‘कुठली गन’ याच्या आधी ‘गनला काय पाजणार आहात’ हे बघायला हवं. मी मूर्तींचं शेडिंग करतो आणि पावसाळा सरला की हेल्मेट, गाड्यांच्या टाक्या, स्केल मॉडेल असलीही कामं घेतो. माझं मत त्या कामातून आलेलं आहे. नखांवर किंवा केकवर काम करणाऱ्याला ते जसंच्या तसं लागू पडणार नाही.

मापाचं आधी मिटवून टाकू. ०.२ आणि ०.३ हे नोझलच्या भोकाचे व्यास आहेत, रेषेची जाडी नव्हे. रेषेची जाडी ठरते ती गन पृष्ठभागापासून किती लांब आहे, नोझलचं भोक आतून बंद-उघड करणारी सुई किती मागे ओढली आहे आणि हवेचा दाब किती आहे यावर. चांगली ०.३ ची गन पृष्ठभागाच्या अगदी जवळ, चार-पाच मिलीमीटरवर नेली, दाब उतरवला आणि ट्रिगर जेमतेम हलवला, तर एक मिलीमीटरच्या आतली रेष सहज निघते. तीच गन बोटभर मागे घेतली की गालाची लाली होते. ०.२ ची गन हे जरा अधिक सावकाशपणे, अधिक ताब्यात ठेवून करू देते, एवढाच फरक. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. व्यास दोन-तृतीयांश झाला की भोकाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं, म्हणजे ०.३ मधून सहज जाणारा रंग ०.२ मध्ये अडकतो. कारखान्यात, जिथे हवेत मातीची आणि सँडपेपरची धूळ आहे आणि रंग दिवसभर उघडे पडलेले असतात, तिथे ०.२ ची गन घेतली की अर्धा वेळ रंगवण्यात आणि अर्धा नोझल धुण्यात जाईल.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर ०.३ किंवा ०.३५. ०.२ घ्या, पण दुसरी गन म्हणून, आणि तीसुद्धा गाळलेल्या तयार शाईवर चालवायची असेल तरच.

प्रकाराबद्दल फार घोळ नको. डबल अ‍ॅक्शन आणि वर कप असलेली ग्रॅव्हिटी फीड. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. दोन्ही एकाच बोटाच्या ताब्यात. खाली बाटली लावायच्या सायफन गनला रंग वर खेचून घ्यायला जास्त दाब लागतो, आणि जास्त दाब म्हणजे बारीक कामाचा शत्रू. एक गोष्ट तुमच्या कामात वेगळी आहे. मूर्ती उभी असते, तिला आपण मॉडेलसारखं हातात फिरवत नाही. सोंडेची खालची बाजू, हनुवटीखालचा भाग करताना गन तिरकी-उलटी होते आणि वरच्या कपातला रंग मनगटावर येतो. झाकणाचा कप घ्या आणि अर्धाच भरा. ज्याचा कप बाजूला बसतो आणि फिरवता येतो अशा साइड फीड गन असतात. मोठ्या मूर्तींचंच काम जास्त असेल तर त्यांचा विचार जरूर करा. त्यात आणखी एक फायदा म्हणजे कप नजरेच्या आड येत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात काम करताना हे फार जाणवतं.

आता ‘चांगली गन’ म्हणजे काय ते. बाहेरून दीड-दोन हजारांची नक्कल आणि पंधरा हजारांची गन सारख्याच चकचकीत दिसतात. फरक आत असतो, तीन ठिकाणी. सुईचं टोक, नोझल आणि ट्रिगरची चाल.

सुई भिंगाखाली धरा. चांगल्या सुईचा निमुळतेपणा लांब आणि एकसारखा असतो, अंगावर खरवडल्याच्या गोल रेघा नसतात. स्वस्त सुईच्या टोकाशी बारीक कंगोरे दिसतात. रंग त्या कंगोऱ्यांवर धरतो, तिथेच वाळतो, आणि वाळलेला कण सुटला की तुमची ‘थुंकी’ पडते. मग सुई काचेवर ठेवून बोटाने हलकेच लोळवा. टोक गरगर डोलत असेल तर ती वाकडी आहे. नोझल समोरून बघा, सुई भोकाच्या बरोबर मध्यात हवी. एका बाजूला टेकलेली असेल तर फवारा कायम तिरका जाणार, तुम्ही कितीही हात साधा. ट्रिगर कोरडाच दाबून मागे ओढा आणि अगदी सावकाश सोडा. कुठेही खडबड, अडकून सुटणं जाणवता कामा नये. बारीक काम पहिल्या अर्ध्या मिलीमीटरच्या चालीत होतं. तिथेच गन अडखळत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

दुकानात हवा असेल तर आणखी दोन गोष्टी करा. कपात थोडं पाणी घालून ट्रिगर फक्त खाली दाबा, मागे ओढू नका. कपात बुडबुडे आले तर नोझलच्या बैठकीतून हवा मागे शिरते आहे. नवीन गनमध्ये हे चालवून घेऊ नका. नंतर पाण्यात शाईचा थेंब टाकून गुळगुळीत जाड कागदावर टोकदार फटकारे मारा, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला शून्यावर संपणारे. फटकारा संपताना शेवटी ठिपका पडत असेल तर आधी आपला हात तपासा. हवा आधी सोडली आणि रंग नंतर बंद झाला की ठिपका पडतोच. रंग आधी बंद, हवा नंतर, हा क्रम बोटात बसलेला असूनही ठिपका पडत असेल तर दोष गनचा.

नावं हवी आहेत तर सांगतो, पण यात माझी आवड मिसळलेली आहे हे धरून चाला. जपानच्या इवाताची एक्लिप्स एचपी-सीएस ही ०.३५ ची गन कारखान्याच्या कामाला मला सगळ्यांत योग्य वाटते. तिचं नोझल पान्याने आवळायचं नसतं, नुसतं बसवायचं आणि वरून टोपी फिरवायची. इवाताचीच एचपी-सी प्लस ०.३ ची आहे, चाल अधिक मऊ, पण नोझल अगदी इवल्या आट्यांचं. बारका पाना जरा जास्त फिरला की आटे तुटून अर्धं नोझल बॉडीत राहतं. जिथे चार हात एकच गन वापरतात आणि धुवायला पोरांकडे देतात, तिथे मी आट्यांचं नोझल सुचवत नाही. जीएसआय क्रिओसची पीएस-२८९ ही ०.३ ची गन किमतीच्या मानाने फार उत्तम आहे. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकची इव्होल्यूशन घेतली तर एकाच बॉडीवर वेगवेगळ्या मापाचे सुई-नोझल संच बसवता येतात, ०.४ ने सोवळं, ०.२ ने डोळा. तिचंही नोझल बिनआट्यांचं. अमेरिकेच्या बॅजर आणि पाशे या जुन्या कंपन्या आहेत, गन दणकट असतात, पण आपल्याकडे त्यांचे सुटे भाग शोधत फिरावं लागतं आणि त्यांच्या पाइपाचे आटेही वेगळे असतात.

इवाताची कस्टम मायक्रॉन ही बारीक कामातली शेवटची पायरी समजली जाते. तिची मापं ०.१८ आणि ०.२३ अशी असतात. तुमच्या बजेटमध्ये ती येणार नाही, आणि आली असती तरी मी घेऊ दिली नसती. मूर्ती आपण हातभर अंतरावरून बघतो. मायक्रॉनने साधलेला फरक त्या अंतरावरून दिसत नाही, आणि तिची सुई एकदा सिंकमध्ये पडली की आठवड्याची मजुरी गेली.

घेण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ‘हिची सुई आणि नोझल आज तुमच्याकडे आहे का, आणि केवढ्याला?’ तो ‘मागवून देतो’ म्हणाला तर सावध व्हा. सुई वाकते, नोझल फाटतं. हे भाग झिजणारेच आहेत. ज्या गनचे भाग चार दिवसांत हातात येत नाहीत ती हंगामात निरुपयोगी. नामांकित मॉडेलच्या हुबेहूब नकला ऑनलाइन भरपूर फिरतात. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत असेल तर ती ओरिजिनल नाही. पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या. किमती येन आणि युरोबरोबर हलतात, पण वर म्हटलेल्या ०.३ च्या गनला साधारण बारा ते अठरा हजार धरून चाला.

आणि आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते: हवा.

आपलं शेडिंग ऐन पावसाळ्यात चालतं. आषाढ-श्रावणात कोकणपट्टीची हवा ओलीचिंब असते. ती हवा कंप्रेसरने दाबली की तिच्यातली सगळी वाफ दाबलेल्या हवेत मावत नाही. टाकीत हवा गरम असते तोवर पाणी दिसत नाही. पाइपातून येता येता ती थंड होते आणि पाणी सुटतं. तो थेंब गनमधून थेट गालावर. पाण्याच्या रंगाने केलेल्या मॅट अंगावर असा एक थेंब पडला की खालचा रंग उचलला जातो आणि तिथे डाग कायम दिसतो. म्हणजे तुमच्या गनला तुम्ही जो दोष देता आहात, त्यातला मोठा वाटा या पाण्याचा असण्याची शक्यता आहे. पडताळून बघायला सोपं आहे. कप रिकामा आणि कोरडा करा, आरशावर फक्त हवा सोडा. काही मिनिटांत आरशावर बारीक ठिपके आले तर गन बदलून काही होणार नाही.

तुम्ही कंप्रेसर धरून बजेट सांगितलं आहे. तुमच्या कारखान्यात मोठ्या गनसाठी टाकीवाला कंप्रेसर असणारच. तोच वापरा, वेगळा घेऊ नका. मोठी टाकी एअरब्रशसाठी फायद्याचीच आहे. हवा तिथे थांबते, थंड होते, पाणी तळाशी बसतं आणि पंपाचे हिसके गनपर्यंत येत नाहीत. फक्त रोज संध्याकाळी खालचा नळ उघडून पाणी सोडायचं. पावसाळ्यात दुपारीही एकदा. तेलावर चालणारा कंप्रेसर असेल तर हवेबरोबर तेलाचा अंशही येतो आणि रंग अंगावर फाटतो, गोल गोल डोळे पडतात. त्यासाठी तेल अडवणारा फिल्टर लावा. पाण्याचा ट्रॅप कंप्रेसरच्या तोंडाशी लावून उपयोग अर्धाच. तिथे हवा अजून गरम असते. सात-आठ मीटर पाइप जाऊ द्या, मग तुमच्या टेबलाजवळ ट्रॅप आणि दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर. गनच्या बुडाशी लावायचा एक छोटा ट्रॅपही मिळतो. पावसाळ्यात तो लावाच.

रेग्युलेटरची एक खुबी. मोठ्या कंप्रेसरवरचा गेज शून्य ते दहा-बारा बारचा असतो. आपल्याला बारीक कामाला लागतो एक-सव्वा बार, म्हणजे पंधरा ते अठरा पीएसआय. त्या गेजवर एवढा दाब म्हणजे काट्याची जेमतेम हालचाल, नीट वाचताच येत नाही. शून्य ते चार बारचा छोटा गेज असलेला रेग्युलेटर वेगळा घ्या. आणि दाब लावताना ट्रिगर दाबून ठेवा. हवा बंद असताना गेज वीस पीएसआय दाखवेल आणि हवा सोडल्यावर चौदावर येईल. काम त्या चौदावर होतं. बहुतेक एअरब्रशच्या बुडाला एक-अष्टमांश इंची बीएसपी (पाइपाच्या आट्यांचं एक ठरलेलं माप) आटे असतात, कंप्रेसरच्या बाजूला पाव इंची. मधला जोड मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. गन घेऊन जा, अंदाजाने आणू नका.

मोठा कंप्रेसर खरोखरच नसेल, किंवा घरी बसून काम करणार असाल, तर एअरब्रशसाठीचा बिनतेलाचा छोटा पिस्टन कंप्रेसर घ्या, पण तीन लिटरची टाकी असलेलाच. बिनटाकीचा पाव किलोचा खेळण्यातला पंप गनच्या पुड्यात फुकट येतो. तो फुकटही घेऊ नका.

रंगाचं थोडक्यात, कारण तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याशिवाय गन निवडता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मूर्ती विसर्जनाच्या सूचनांनी तेलरंग आणि विषारी रासायनिक रंग बाद ठरवले, त्यामुळे आपलं काम पाण्याच्या रंगांवरच. पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकची खोड अशी की तो सुईच्या टोकावर वाळतो. सुईचं टोक दर दोन-तीन मिनिटांनी ओल्या बोटाने किंवा मऊ ब्रशने पुसायची सवय लावा, रंगात रिटार्डरचे, म्हणजे रंग सावकाश वाळावा म्हणून मिसळायच्या द्रवाचे, थेंब टाका. अंगाला वापरतो तो डिस्टेंपर यात घालू नका. त्यात खडूची भुकटी असते. पोस्टर कलर घालायचाच असेल तर तलम नायलॉनमधून दोनदा गाळून. चेहऱ्याच्या छटांसाठी एअरब्रशचे तयार रंग किंवा अ‍ॅक्रिलिक इंक उत्तम. एका बाटलीत हंगाम निघतो, कारण छटांना रंग लागतोच किती? कपाच्या भिंतीवर रंग वर चढवून बघा. खाली ओघळताना मागे पातळ पारदर्शक थर राहिला तर बरोबर. जाड पडदा राहिला तर अजून पातळ करा. सोनेरी, मोती, लस्टर या गनमध्ये कधीच नाही. त्यातल्या अभ्रकाच्या कणांसाठी तुमची जुनी गनच ठेवा.

म्हणजे जुनी गन फेकू नका, हे ओघानेच आलं. तिच्यावर अंगाची शेड, शेला, पीतांबर, मुकुट. नव्या गनवर फक्त चेहरा, हाताची बोटं आणि दागिन्यांच्या सावल्या. ज्याच्या हातात नवी गन तोच ती धुणार, हा नियम पहिल्या दिवसापासून.

एक अपेक्षा मात्र कमी करून ठेवा. डोळ्यांची आखणी एअरब्रशने होत नाही. बुबुळाची कड, वरच्या पापणीची काळी रेष, भुवईचा शेवटचा निमुळता फटकारा यांना ब्रशची धार लागते. फवाऱ्याच्या रेषेला कायम मऊ कड असते, मग गन कितीही भारी असो. एअरब्रशचं काम त्या आखणीच्या आधीचं आणि नंतरचं: आधी खोबणीत फिकट तपकिरी सावली, कोपऱ्यात गुलाबी छटा, आखणी झाल्यावर बुबुळावर वरून अगदी विरळ सावली, पापणी पुढे आल्यासारखी दिसेल अशी. त्यासाठी सुईसमोरची टोपी काढून, उघड्या सुईने काम करा. टोपी असली की जवळ गेल्यावर हवा आतच उसळते आणि शिंतोडे पडतात. उघडी सुई मूर्तीला टेकली की वाकली, म्हणून करंगळी मूर्तीच्या गालाशी किंवा आधाराच्या काठीवर टेकवून हात धरा. वाकलेलं टोक थोडं असेल तर काचेवर दोन हजार नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवून, सुई तिरकी धरून, फिरवत ओढत सरळ होतं. नोझलमध्ये मात्र तार, टाचणी काही घालू नका. भोक पसरतं आणि ते पुन्हा गोल होत नाही.

पंचवीस हजारांची वाटणी मी अशी करेन: पंधरा-सोळा गन, चार-साडेचार फिल्टर, ट्रॅप, रेग्युलेटर आणि पाइपावर, उरलेले एक जादा सुई, एक जादा नोझल, रंग आणि एक बरा मास्क यांवर. मास्क विनोद नाही. पाण्याचा रंग असला तरी त्याचा फवारा फुप्फुसात जातोच, आणि आपण पत्र्याच्या बंद शेडमध्ये बसतो. ऑर्डर वैशाखात द्या. ज्येष्ठ निम्मा सरला की पेण-हमरापूरकडून सगळ्यांचीच मागणी एकदम सुरू होते, आणि मग नोझलसाठी दुकानदाराचं ‘पुढच्या आठवड्यात बघू’ ऐकत बसावं लागतं.